अंतर मिटवणारे धंदे महानगरालाच का चिकटून बसतात?

बिनतारी (धागाकर्ता)

परवा दुसऱ्या एका धाग्यावर कुणीतरी सहज लिहून गेलं की आता जगात कुठूनही कुठेही बोलता येतं, काहीही दाखवता येतं, तेव्हा दूरसंचार आणि प्रक्षेपणाच्या कंपन्यांनी महागड्या शहरांत जागा अडवून बसण्यात काय हशील? निघावं आणि स्वस्तातल्या ठिकाणी जावं. तिथे अवांतर नको म्हणून गप्प बसलो, पण या धंद्याच्या तांत्रिक बाजूला आयुष्य गेल्यामुळे हात शिवशिवत होते. म्हणून हा वेगळा धागा.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. गिऱ्हाईक तिथे राहतं म्हणून या कंपन्या महानगरात असतात, हे अर्धंच खरं. त्यांना त्याहून जास्त गरज असते ती एकमेकींची. टेलिफोन काय, इंटरनेट काय, नेटवर्कला किंमत येते ती ते कुणाकुणाला जोडलेलं आहे त्यावरून. आणि जोडणी ही अगदी जमिनीवरची, हाताने करायची गोष्ट आहे. दोन कंपन्यांच्या तारा कुठल्यातरी खोलीत प्रत्यक्ष भेटाव्या लागतात.

१९९०च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनमधल्या एका इंटरनेट कंपनीच्या ग्राहकाने त्याच शहरातल्या, पण दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाला ईमेल धाडली, तर ती अटलांटिक ओलांडून अमेरिकेत जाऊन परत यायची. दोघींचा समाईक दुवा तिकडेच होता ना. समुद्राखालच्या केबलची महागडी क्षमता पलीकडच्या गल्लीत निरोप द्यायला खर्ची पडत होती. १९९४ मध्ये काही कंपन्यांनी डॉकलँड्स भागातल्या टेलिहाउस नावाच्या इमारतीत एक सामाईक स्विच (सगळ्यांच्या तारा एकत्र जोडणारं यंत्र) ठेवला आणि तिथून 'लिंक्स' हे एक्स्चेंज, म्हणजे कंपन्यांनी आपसांत वाहतूक द्यायची-घ्यायची जागा, उभं राहिलं. पुढच्याच वर्षी फ्रँकफर्टला तीन कंपन्यांनी एका जुन्या टपाल कार्यालयात हाच उद्योग केला. तेच आजचं 'डी-सिक्स', जगातल्या सर्वांत मोठ्या इंटरनेट एक्स्चेंजांपैकी एक.

एकदा असा स्विच बसला की तिसरी कंपनी तिथेच येते, कारण पहिल्या दोघी तिथे आहेत. चौथीला तर विचारच करावा लागत नाही. कंटेंटवाले येतात, बँका येतात, परदेशी केबलवाले येतात. वीस कंपन्या एका इमारतीत असल्या की एकविसावीला एकाच करारात, एकाच रॅकमध्ये वीस पर्याय मिळतात आणि भाव पाडून घेता येतो. छोट्या शहरात ज्याची एकुलती एक फायबर आलीय, तो म्हणेल तो दर.

या इमारतींत 'मीट-मी रूम' नावाची खोली असते. खिडकी नाही, थंडगार, सतत पंख्यांचा घुंऽऽ आवाज. रॅकवर पॅनेलं, आणि पॅनेलांतून निघालेल्या पिवळ्या पॅच कॉर्डचे, म्हणजे फायबरच्या आखूड जोडतारांचे, जुडगेच्या जुडगे. दोन कंपन्यांचा व्यवहार ठरला की तंत्रज्ञ कागद घेऊन येतो, या पॅनेलच्या अमुक पोर्टपासून त्या पॅनेलच्या तमुक पोर्टपर्यंत कॉर्ड ओढतो, टोकं पुसतो, मीटर लावून प्रकाश किती पोचतोय ते बघतो, लेबल चिकटवतो. संपलं काम. हीच जोडणी दोन गावांदरम्यान करायची तर रस्ताखोदाईची परवानगी, रेल्वे ओलांडायची परवानगी, पुलावरून न्यायची परवानगी. तोवर निम्मा उत्साह मावळतो.

प्रक्षेपणाबद्दल जाणकारांनी लिहावं. माझा पिंड तारेचा.

केबलकाका

रुमाल टाकून ठेवतो. रात्री सविस्तर.

तिरकस

मला यात जुन्याची पुण्याईच जास्त दिसते. आधी कुणीतरी तिथे बसलं म्हणून पुढचे बसले. महानगराचा स्वतःचा असा गुण काय? पहिला स्विच आडगावात ठेवला असता तर आज तेच आडगाव हब झालं असतं.

बिनतारी

@तिरकस, पुण्याई आहेच, पण ती आपोआप चिकटत नाही. न्यूयॉर्कची ६० हडसन स्ट्रीट ही इमारत घ्या. १९३० मध्ये पूर्ण झाली ती वेस्टर्न युनियन या तार कंपनीचं मुख्यालय म्हणून. तारेचा जमाना गेला, पण जमिनीखालचे मार्ग राहिले, जड यंत्रं पेलणारे मजले राहिले, विजेची सोय राहिली. आज तिथे जगभरच्या कंपन्यांच्या फायबर भेटतात. तंत्रज्ञान तीनदा बदललं तरी पत्ता बदलला नाही. लॉस एंजेलिसची वन विल्शर तर १९६० च्या दशकातली साधी ऑफिसांची इमारत. उंच होती, आणि टेलिफोन कंपनीचं मोठं केंद्र जवळच होतं. एमसीआय या तेव्हाच्या नव्या, मक्तेदारीशी भांडणाऱ्या कंपनीने तिच्या गच्चीवर मायक्रोवेव्हच्या अँटेना चढवल्या. मागोमाग बाकीचे आले. पुढे पॅसिफिकखालून येणाऱ्या केबल्सची टोकंही तिथेच पोचली.

आता आडगावात पहिला स्विच ठेवायला कुणी जातच नाही, कारण तिथे पोचायला किमान दोन कंपन्यांच्या तारा आधीपासून हव्यात. त्या कुठे असतात? जिथे आधी फोन होते. फोन कुठे? जिथे व्यापार, बँका, सरकारी कचेऱ्या, वर्तमानपत्रं होती.

ध्वनिलहरी

वा, छान विषय. टीव्हीच्या तांत्रिक विभागात बरीच वर्षं काम केलंय, तेव्हा प्रक्षेपणाची बाजू मी लावते.

प्रक्षेपण आणि दूरसंचार यांना एका दावणीला बांधताना एक फरक लक्षात ठेवावा लागतो. मोबाईलवाल्याला प्रत्येक नवा माणूस म्हणजे नवा भार. आम्हाला नाही. ट्रान्समीटर दहा किलोवॅटचा असेल तर ऐकणारे दहा हजार असोत की एक कोटी, विजेचं बिल तेच. म्हणजे दाट वस्ती हा आमच्यासाठी निव्वळ नफा.

उंचीचं गणित बघा. अँटेनाची मीटरमधली उंची घ्या, वर्गमूळ काढा, ४.१ ने गुणा: सपाट प्रदेशात रेडिओ लहरींचं क्षितिज साधारण तेवढे किलोमीटर. शंभर मीटरला ४१, तीनशेला ७१. अंतर उंचीच्या वर्गमूळाने वाढतं आणि क्षेत्रफळ अंतराच्या वर्गाने, म्हणून मनोरा तिप्पट उंच केला की तिप्पट क्षेत्र हाती येतं. तीनशे मीटरच्या मनोऱ्याखाली पंधरा हजारांवर चौरस किलोमीटर येतात. तेवढ्यात ओसाड माळ असेल तर मनोरा पांढरा हत्ती. तेवढ्यातच अख्खं महानगर, उपनगरं, जोडगावं असतील तर एका खांबावर कोट्यवधी लोक.

टोकियोत याचं दुसरं टोक दिसलं. १९५८ चा ३३३ मीटरचा टोकियो टॉवर पुढे भोवतीच्या गगनचुंबी इमारतींपुढे अपुरा पडू लागला, म्हणून ६३४ मीटरचा स्कायट्री बांधला. तो २०१२ मध्ये खुला झाला आणि पुढच्या वर्षी टीव्हीचं प्रक्षेपण तिकडे हललं. साडेतीन कोटींहून जास्त वस्तीचा प्रदेश असल्याशिवाय असला खर्च कुणी काढत नाही. आणि तो खर्चही एकट्याने नाही, प्रतिस्पर्धी वाहिन्या एकाच मनोऱ्यावर अँटेना टांगून भाडं वाटून घेतात. महानगरात वैरी एकाच खांबाला लटकलेले असतात! :)

पैशाची बाजू म्हणाल तर जाहिरात मुळात बाजारपेठेच्या हिशोबाने विकली जाते. अमेरिकेत नील्सन या प्रेक्षक मोजणाऱ्या कंपनीने देशाचे टीव्हीसाठी २१० बाजार पाडलेत आणि पहिल्या क्रमांकावर न्यूयॉर्क. मोठी नेटवर्कं देशभर स्थानिक स्टेशनांशी करार करतात, पण न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस, शिकागोसारख्या ठिकाणी स्टेशन स्वतःच्याच मालकीचं ठेवतात. मलई कुठे आहे ते त्यांना बरोबर कळतं.

बिनतारी

@ध्वनिलहरी ताई, भारी. स्टुडिओ ते मैदान या दुव्याबद्दलही लिहा की.

ध्वनिलहरी

हो, ते राहिलंच. एका एचडी कॅमेऱ्याचं न दाबलेलं (कॉम्प्रेस न केलेलं) चित्र म्हणजे सेकंदाला साधारण दीड गिगाबिट. मैदानावर बारा कॅमेरे लावले की अठरा गिगाबिट. हे उपग्रहावरून नेणं विसरा. पूर्वी आम्ही काय करायचो, तर मैदानाबाहेर ओबी व्हॅन (चाकांवरचा छोटा स्टुडिओच) उभी, तिच्यातच चित्रं निवडायची, आणि निवडलेलं एकच चित्र दाबून डिशवरून पाठवायचं. भूस्थिर उपग्रह पडला छत्तीस हजार किलोमीटरवर. वर जाऊन खाली येईतो पाव सेकंद गेला, वर दाबण्या-उलगडण्याचा वेळ वेगळा. सूत्रधार प्रश्न विचारतो आणि बातमीदार नुसता मान हलवत उभा राहतो, ते त्यामुळे.

महानगर प्रदेशात मैदान, विधिमंडळ, मोठी सभागृहं, सगळ्यांपर्यंत डार्क फायबर (जमिनीत टाकलेली, पण यंत्रं न लावलेली) आधीच गेलेली असते. ती भाड्याने घ्यायची, दोन्ही टोकांना आपलीच यंत्रं लावायची आणि बाराच्या बारा कॅमेरे न दाबता स्टुडिओत आणायचे. व्हॅन लहान होते, माणसं कमी लागतात, आणि तोच दिग्दर्शक दुपारी एका मैदानाचा आणि रात्री दुसऱ्या सभागृहाचा कार्यक्रम त्याच खुर्चीवरून करतो.

आणि माणसं! आमच्यात कायम नोकरीवर थोडे, बाकी सगळे कामापुरते. ध्वनिमुद्रक, संकलक, रंग दुरुस्त करणारा, मेकअपवाली, भाषांतरकार. संध्याकाळी सहाच्या बुलेटिनला चारला कळतं की संकलक आजारी आहे. महानगरात तीन फोन केले की पाचला कुणीतरी हजर. लंडनच्या सोहो भागात फिल्म-टीव्हीचं संकलन आणि ध्वनीचं काम करणारी मंडळी इतकी खेटून बसलीत की त्यांनी १९९० च्या दशकात आपसांत फाइली पाठवायला स्वतःचं सामाईक नेटवर्कच उभं केलं. ते नेटवर्क पुढे इतर देशांत पसरलं, पण जन्मलं चालत पोचता येईल एवढ्या परिसरात.

निवांतपणी

वाचतेय. 'वैरी एकाच खांबाला' =))

तिरकस

ठीक, आता माझी काडी. ईएसपीएन. १९७९ ला सुरू झाली ती कनेक्टिकटमधल्या ब्रिस्टल नावाच्या लहानशा गावात. ना न्यूयॉर्क, ना लॉस एंजेलिस. जागा स्वस्त, उपग्रहावर एक ट्रान्सपाँडर (सिग्नल घेऊन परत खाली पाठवणारं यंत्र) मिळाला, बास. क्रीडावाहिन्यांचा बादशहा त्या गावातून झाला. सीएनएन १९८० मध्ये अटलांटातून निघाली, टीव्ही बातम्यांचं माहेर असलेल्या न्यूयॉर्कमधून नव्हे. उपग्रह कंपनी एसईएस लक्झेंबर्गमधल्या बेट्झडॉर्फला, ते तर खेडंच. मग?

केबलकाका

रात्री लिहितो म्हणालो होतो, दोन रात्री गेल्या. असो.

तिरकसराव, उदाहरणं चांगली आहेत, पण एकेक उलगडून बघा. ब्रिस्टल हे न्यूयॉर्क आणि बोस्टन यांच्या मधल्या पट्ट्यात आहे, हार्टफर्ड शहर हाकेच्या अंतरावर. ते अगदीच रानात नाही. शिवाय ईएसपीएनचा माल होता देशभरच्या सामन्यांचा, तो तसाही बाहेरूनच यायचा. एकदा तिथे डिशांचं रान उभं राहिल्यावर हलायचं कारण उरलं नाही. अटलांटा तर स्वतःच महानगर, आणि विमानतळाच्या बाबतीत देशात अग्रगण्य. सीएनएन काढणाऱ्या टेड टर्नर यांचं तिथे आधीपासून स्टेशन होतं आणि ते १९७६ मध्येच उपग्रहावर चढलं होतं. सीएनएनला पाया आयता मिळाला. लक्झेंबर्गचं गणित तर कायद्याचं. रेडिओ लक्झेंबर्ग १९३३ पासून इंग्लंडच्या दिशेने जाहिरातींसह प्रक्षेपण करत होतं, कारण इंग्लंडात बीबीसीची मक्तेदारी होती आणि जाहिरातींना बंदी. परवाना देणारं सरकार जवळ असणं हाही जागेचाच फायदा झाला. बहुतेक देशांत ते सरकार आणि नियामक मोठ्या शहरात असतात, लक्झेंबर्गने तेवढ्या एका गोष्टीवर डाव मारला.

पण तुमच्या उदाहरणांतून एक खरं निघतं: उपग्रह ज्यांचा मुख्य रस्ता आहे त्यांना शहराच्या गाभ्यात राहायची गरज नाही. उलट, नकोच. छत्तीस हजार किलोमीटरवरून खाली येणारा सिग्नल इतका क्षीण असतो की शेजारचा मायक्रोवेव्ह दुवा किंवा नवा ५जी टॉवर त्याला सहज बुडवतो. उपग्रहाच्या सी-बँड लहरींचा उतरता (वरून खाली येणारा) पट्टा ३.७ ते ४.२ गिगाहर्ट्झ, आणि मोबाईलवाले ३.३ पासून वर सरकत त्याच दिशेने निघालेत. म्हणून डिश शक्यतो बशीसारख्या खोलगट जागी, चारी बाजूंनी टेकडी किंवा मातीचा बांध घालून ठेवतात. आणि ती खोलगट जागा शहरापासून तास-दीड तासावर असावी लागते, म्हणजे बिघाड झाला की माणूस पोचतो. न्यूयॉर्कने १९८० च्या दशकात आपलं टेलिपोर्ट (उपग्रहाच्या डिशांचं केंद्र) स्टेटन बेटावर केलं आणि तिथून मॅनहॅटनला फायबर टाकली. डिश बेटावर, गिऱ्हाईक वॉल स्ट्रीटवर. धागाकर्त्याला याबद्दल जास्त लिहायला हवं.

बिनतारी

काकांनी माझा आवडता मुद्दा काढला. लोक 'मुंबई की आडगाव', 'लंडन की आडगाव' असं भांडतात. मला विचाराल तर उत्तर दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात आहे, आणि तो पट्टा असतो म्हणूनच मी 'महानगर प्रदेश' म्हणतो.

फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर धावतो. एक किलोमीटरला पाच मायक्रोसेकंद. शंभर किलोमीटर जाऊन-येऊन एक मिलिसेकंद. या एका मिलिसेकंदाच्या वर्तुळात अख्खा धंदा वाटून ठेवता येतो. स्टुडिओ आणि विक्रीची माणसं मध्यभागी, ट्रान्समीटर उंचावर, डिश टेकडीमागच्या खळग्यात, डेटा सेंटर मोठ्या सबस्टेशनजवळ, समुद्राखालची केबल किनाऱ्यावर. सगळं एका फायबर कड्याने जोडलं की यंत्रांच्या दृष्टीने ते एकाच इमारतीत आहे. बँकेला आपल्या नोंदींची जिवंत दुसरी प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवायची असते, प्रत्येक व्यवहार दोन्हीकडे लिहिला गेल्यावरच 'झाला' म्हणायचं. ते साधारण या शंभर किलोमीटरच्या आतच परवडतं. त्यापुढे प्रत्येक व्यवहार ताटकळतो.

वॉशिंग्टनचं बघा. १९९२ च्या सुमारास सुरू झालेलं एमएई-ईस्ट हे अगदी सुरुवातीच्या एक्स्चेंजांपैकी एक. काही काळ ते टायसन्स कॉर्नर या उपनगरात एका पार्किंगच्या तळघरातल्या खोलीत होतं, हे वाचून हसू येतं. पण त्या तळघराच्या ओढीने कंपन्या त्या बाजूला सरकल्या आणि पुढे आणखी बाहेर, अ‍ॅशबर्नला, शेतजमिनींवर डेटा सेंटरं उभी राहिली. आज डेटा सेंटरांची जगातली सर्वांत मोठी वस्ती ती. तिला शहर म्हणाल? नाही. पण वॉशिंग्टनच्या छायेशिवाय ती झाली असती? तेही नाही.

मार्सेयलाही असंच. आशिया-आफ्रिकेहून भूमध्य समुद्रात शिरलेल्या केबल्स तिथे जमिनीवर येतात. बंदरातल्या दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन पाणबुडी तळाच्या काँक्रीटच्या खोक्यात आता डेटा सेंटर आहे. मुंबई, सिंगापूर, मार्सेय, ही सगळी आधीची बंदरं. मात्र किनारा एकटा पुरत नाही. केबल वर आल्यावर तिची क्षमता विकत घेणारे दहा-वीस जण मागे उभे असावे लागतात.

शंकेखोर

सगळं एका ठिकाणी खेटल्याचा फायदा सांगताय, तोटाही सांगा. ११ सप्टेंबर २००१ ला न्यूयॉर्कच्या बहुतेक टीव्ही स्टेशनांचे ट्रान्समीटर वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या उत्तर मनोऱ्यावर होते. मनोरा कोसळला आणि अँटेनावर टीव्ही बघणाऱ्यांच्या पडद्यावर बहुतेक वाहिन्यांच्या जागी मुंग्या. तिथे कामावर असलेले सहा प्रक्षेपण अभियंते गेले. मोठ्या नेटवर्कांपैकी सीबीएसचं स्टेशन तेवढं चालू राहिलं, कारण त्यांनी एम्पायर स्टेट इमारतीवर पूर्ण ताकदीचा राखीव ट्रान्समीटर ठेवला होता.

२०१२ च्या सँडी वादळात दक्षिण मॅनहॅटन पाण्याखाली. एका इमारतीत जनरेटर वरच्या मजल्यावर सुरक्षित, पण त्यांना डिझेल पोचवणारा पंप तळघरात बुडालेला. लोकांनी अंधाऱ्या जिन्याने हातोहात बादल्या देत सतरा मजले डिझेल चढवलं. नॅशव्हिलला २०२० च्या नाताळच्या सकाळी टेलिफोन केंद्राच्या इमारतीबाहेर गाडीत स्फोट झाला आणि शेजारच्या राज्यांतही आपत्कालीन क्रमांक बंद पडले. एका इमारतीने अनेक राज्यांचा गळा धरला.

केबलकाका

शंका रास्त. मात्र दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. एका इमारतीत सगळं ठेवणं आणि एका प्रदेशात सगळं ठेवणं. सीबीएसला वाचवलं ते त्याच शहरातल्या दुसऱ्या उंच इमारतीने. दुसरी उंच जागा, दुसरं सबस्टेशन, दुसऱ्या रस्त्याने आलेली फायबर, हे सगळं महानगर प्रदेशातच हाताशी असतं. लहान गावात पर्यायी मार्ग म्हणजे बहुतेक वेळा त्याच चराच्या दुसऱ्या कडेची नळी. एक जेसीबी आला की दोन्ही गेल्या.

मी फायबर दुरुस्तीच्या कामात होतो, त्यामुळे हे जवळून पाहिलंय. एका ग्राहकाने दोन वेगळ्या कंपन्यांकडून दोन लाइनी घेतल्या होत्या, निर्धास्त होता. पूल दुरुस्तीला काढला आणि दोन्ही एकदम तुटल्या. खड्ड्यात उतरलो तर दोन्ही कंपन्यांच्या केबल्स एकाच नळीत, एकमेकींना वेटोळे घालून. दोघांनीही तिसऱ्याकडून भाड्याने घेतलेल्या. पाऊस पडतोय, वर ताडपत्री धरलीय आणि मी गुडघाभर चिखलात स्प्लाइसिंग मशीन मांडीवर घेऊन एकेक तंतू जोडतोय. तेव्हापासून 'दोन कंपन्या' हा शब्द ऐकला की मी 'नकाशा दाखवा' म्हणतो.

ध्वनिलहरी

काका, 'नकाशा दाखवा' याला +१००.

मनोरा

मोबाईलवाला मीच दिसतोय इथे, म्हणून माझे दोन पैसे. ध्वनिलहरींनी म्हटलं की दाटी आमच्यावर भार. बरोबर, पण तो भार आम्हाला हवाहवासाच असतो. स्पेक्ट्रम, म्हणजे रेडिओ लहरींचा पट्टा, मिळतो ठरावीक. तोच पट्टा लहान लहान सेल (एकेका टॉवरच्या हद्दी) करून पुन्हा पुन्हा वापरता येतो. सेलची त्रिज्या निम्मी केली की तेवढ्याच जागेत चार सेल बसतात, म्हणजे ढोबळमानाने चौपट क्षमता, नवा स्पेक्ट्रम न घेता. हे परवडतं कुठे? जिथे प्रत्येक सेलखाली पैसे देणारी माणसं आहेत तिथेच. म्हणून जपानमध्ये सेल्युलर सेवा १९७९ ला सुरू झाली ती टोकियोत, अमेरिकेत १९८३ ला शिकागोत.

५जी मध्ये आणखी एक गंमत. टॉवरवरचा रेडिओ आणि त्याचा मेंदू, म्हणजे बेसबँड, वेगळे ठेवायची पद्धत आलीय. मेंदू एका खोलीत एकत्र ठेवले की भाडं, वीज, देखभाल सगळं वाचतं. पण मधल्या प्रवासाला साधारण शंभर मायक्रोसेकंदांचीच मुभा. वरच्या बिनतारी यांच्या हिशोबाने वीसेक किलोमीटर झाले. महानगरात वीस किलोमीटरच्या वर्तुळात शेकडो टॉवर बसतात. विरळ भागात चार.

डोकेदुखीही सांगतो. काचेच्या इमारती सिग्नल आत घेत नाहीत, गच्च्यांची भाडी भरमसाट, सोसायटीच्या सभेत टॉवरला विरोध ठरलेला. आणि खोदाई तर विचारूच नका.

बिनतारी

@मनोरा, खोदाईवर स्टॉकहोमने चांगला तोडगा काढला. १९९४ मध्ये शहराने स्टोकॅब नावाची स्वतःची कंपनी काढली. ती फक्त डार्क फायबर टाकते आणि जो मागेल त्याला सारख्या अटींवर भाड्याने देते. स्वतः इंटरनेट विकत नाही. रस्ता एकदा खोदला, वापरतात सगळे. पॅरिसला तर भुयारी गटारांचं जाळं इतकं ऐसपैस आहे की केबल्स त्यांच्या छतालाच टांगल्यात. हवेच्या दाबाने चिठ्ठ्या पाठवणाऱ्या नळ्या पूर्वी तिथूनच जायच्या, १९८४ पर्यंत ती टपालसेवा चालू होती. पालिकेचा शहाणपणा हा महानगराच्या फायद्यातला निम्मा वाटा आहे. तो नसेल तर नुसती दाटी म्हणजे कटकट.

तिरकस

बीबीसीने २०११ पासून खेळ, मुलांचे कार्यक्रम वगैरे विभाग लंडनहून सॅलफर्डला हलवले. तुमच्या सिद्धांतात हे कुठे बसतं?

ध्वनिलहरी

अगदी फिट्ट बसतं. सॅलफर्ड हे ग्रेटर मँचेस्टर. आयटीव्ही या वाहिनीसाठी कोरोनेशन स्ट्रीट ही मालिका बनवणारं ग्रॅनाडा १९५० च्या दशकापासून त्याच महानगरात, म्हणजे कलाकार, तंत्रज्ञ, सेट बांधणारे सुतार तयार होते. बीबीसी एका महानगर प्रदेशातून दुसऱ्यात गेली, शेतात नाही. तरी लंडनचे पाहुणे सकाळच्या कार्यक्रमाला सोफ्यावर बसवायचे की दुव्यावरून दाखवायचे हा घोळ झालाच. मंत्री, उद्योगपती, नट राहतात राजधानीत. समोरासमोर मुलाखतीला जी धार येते ती पडद्यावरच्या चौकटीत येत नाही, हे माझं ठाम मत.

नवखा_नभ

धागा वाचून डोकं भणभणलं, पण मजा आली. एक बालिश प्रश्न. आम्ही तिघं मिळून ऑनलाइन रेडिओ काढतोय, बोलक्या कार्यक्रमांचा. आम्हाला यातलं काय लागू? ट्रान्समीटर नाही, डिश नाही.

केबलकाका

प्रश्न बालिश नाही. तुमचा सर्व्हर कुठल्याही मोठ्या एक्स्चेंजच्या शहरात भाड्याने ठेवा, श्रोता जिथे आहे त्याच्या जवळच्या. तुम्ही स्वतः कुठे बसता याने सर्व्हरला फरक पडत नाही.

ध्वनिलहरी

पण पाहुण्यांना पडतो. बोलके कार्यक्रम म्हणजे माणसं हवीत, आणि चांगला बोलणारा माणूस तासभर प्रवास करून तिघांच्या रेडिओवर येत नाही. तेव्हा ध्वनिमुद्रणाची खोली रेल्वे स्टेशनच्या जवळ घ्या, भले लहान असो. संकलन घरी करा. दारं-खिडक्यांच्या फटींना रबराची पट्टी, भिंतींना जाड पडदे, आणि माइक तोंडापासून वीतभर.

बिनतारी

आणि दोन इंटरनेट जोडण्या घ्या. एक फायबर, एक मोबाईलवरची. दोन्ही फायबर घेतल्यात तर काकांना नकाशा दाखवावा लागेल.

नवखा_नभ

खोली बघायला शनिवारी जातोय. दोन्ही कंपन्यांना नकाशा मागितलाय, एकीने अजून उत्तर दिलं नाही.

केबलकाका

ती देणारही नाही. इमारतीच्या वॉचमनला विचारा केबल कुठल्या बाजूने आत येते, आणि दोन्ही एकाच भोकातून शिरत असतील तर तिसरी कंपनी शोधा.